काजळीचा कागद

१

"फौजदारसाहेब, चोरी झाली!"

दारात राधाकिशन मास्तर उभे होते. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. मी दाढीला साबण लावून बसलो होतो. खात्यातून निवृत्त झालो तरी चोरी म्हटलं की या बिल्डिंगीला माझंच दार दिसतं, आणि तेही नेमकं दाढीच्या वेळी.

"काय गेलं? सोनंनाणं?"

"कागद."

"कागदापायी माझा साबण वाळवायलात काय, मास्तर?"

"कालच्या धक्क्याचा कागद हाय तो, साहेब. काल झाला तो भूकंप नव्हता. आन् हे आणखी कुणाला तरी ठाऊक हाय. न्हाईतर काजळी लावलेला कागद कोण चोरतंय?"

वस्तरा माझ्या हातात तसाच राहिला.

काल दुपारी आमची अख्खी बिल्डिंग दणकन हलली होती. किल्लारीचा भूकंप होऊन उणेपुरे चार महिनेही झाले नव्हते. परभणीत त्या हिवाळ्यात कुणी पलंग सरकवला तरी शेजारी अंगणात पळायचे. काल तर मांडणीवरची ताटं खाली आली. कुणीतरी "भूकंप!" म्हणून ओरडलं आणि तिन्ही मजल्यांची माणसं एकदम त्या अरुंद जिन्यात घुसली. माझ्या समोरच्या घरातल्या नागनाथची आई, कडूबाई, पायरीवर पडली आणि लोक तिच्या अंगावरून गेले. मांडीचं हाड मोडलं म्हातारीचं. भूकंपानं नाही, माणसांनी मोडलं.

संध्याकाळी अंगणात आम्ही मोजकेच उरलो होतो, बाकी सगळे दवाखान्यात. चहा पिता पिता मास्तर म्हणाले, "हा भूकंप न्हाई. माझ्या यंत्रावर निराळंच काही उमटलंय. उद्या कागद लाखेत बुडवून पक्का करतो आन् सगळ्यांना दाखवतो."

ऐकणारे आम्ही चारजण. मी, मास्तरांची सून सत्यशीला, आईचं अंथरूण न्यायला घडीभर आलेला नागनाथ, आणि बिल्डिंगीचे मालक आबासाहेब. मी चोरला नव्हता. राहिले तिघं.

२

मास्तरांचं घर सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या यंत्राला बिल्डिंगीत 'मास्तरांचा झोका' म्हणायचे. लोखंडी चौकटीला आडवी दांडी टांगलेली, दांडीवर तराजूचं जुनं जड वजन, टोकाला सुई. सुईखाली डालड्याचा डबा, तो गजराच्या घड्याळाच्या चाकांवर सावकाश फिरतो. डब्यावर गुळगुळीत कागद दोऱ्यानं बांधलेला, चिमणीच्या धुरावर धरून काळा केलेला. घर हललं की सुई त्या काळ्यावर पांढरी रेघ ओढते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं माणसानं, आणि किल्लारीकडं दिलेली धाकटी बहीण भूकंपात गेली, तेव्हापासून हे वेड. कुणी हसलं तर म्हणायचे, "पुढच्या बारीला कळलं तर पाहिजे."

आज डबा उघडा होता. दोरा नीट सोडून बाजूला ठेवलेला. सुईला धक्काही लागलेला नव्हता. डब्यावर मात्र काजळीचा मोठा फराटा होता, कुणीतरी अख्खा पंजा घालून कागद ओढल्यासारखा.

"घर उघडं कसं होतं?"

"मी गच्चीवर टाकीत पाणी बघायला गेलो, सत्यशीला खाली नळावर. दाराला कडी घालतंय कोण दिवसाढवळ्या?"

मी चिडलो. "पोलिसांच्या नावानं शंख करता तुम्ही लोक, आणि दारं उघडी टाकता! आता चौकीत जाऊन काय सांगू? सारं खातं विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्ताला रस्त्यावर उभं आहे. कागद गेला म्हणालो तर मलाच चहा पाजून घरी धाडतील."

मास्तर हसले नाहीत. "साहेब, खरा भूकंप आधी बारीक थरथरतो. सुई नुसती कुरकुरल्यावानी करती, आन् मग मोठा झोका येतो. कालचा तसा न्हाई. पहिलाच घाव मोठा. म्हणजे धक्का लांबून आला न्हाई, हितूनच आला."

"हितून म्हणजे?"

त्यांनी बोट खाली केलं, जमिनीकडं. "आपल्या पायाखालून."

मी वर छताकडं बघितलं. कारण त्याच संध्याकाळी गच्चीवर आबासाहेबांच्या नातवाचं बोरन्हाण होतं. आळीतलं एकूण एक लेकरू तिथं उड्या मारायला येणार होतं.

३

सत्यशीला भाकरी थापत होती. सासऱ्याच्या वेडापायी भिंती काळ्या होतात म्हणून ती रोज कटकट करायची, ते सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जायचं.

"तू नेलास का गं कागद?"

"मामंजींचा झोका चुलीत घालावा वाटतो मला, खोटं कशाला बोलू!" ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "पण कागद म्या रोज उतरवून देते त्यांना. दोन्ही कडांना धरून, नखावर. मधी हात लागला की पुसून जातंय सगळं. एकदा पुसलं तर दोन दिवस जेवले न्हाईत मामंजी."

नागनाथ जिन्यातच भेटला. आईचा डबा घेऊन दवाखान्यात निघाला होता. स्कूटरवरून पडल्यानं त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पांढरंशुभ्र प्लास्टर, त्यावर पोरांनी निळ्या पेनानं फुलं काढलेली.

"मास्तरचा झोका गोदावरीत बुडवणार हाय मी!" तो कडाडला. "त्या यंत्रापायी सारी बिल्डिंग भ्यायली. भ्यालेली माणसं माझ्या आईला तुडवून गेली. कागद नेऊन काय करू? न्यायचं तर सगळं यंत्रच फोडलं असतं."

बोलणं पटण्यासारखं होतं. पण माणूस रागात असला म्हणजे खरंच बोलतो असं नाही, हे मी नोकरीत शिकलेलो.

राहिले आबासाहेब. मूळचे सेलूचे. सरकी आणि पेंडीचा व्यापार. तळमजल्यावर त्यांचं गोदाम, पहिल्या मजल्यावर घर. माझी बायको लक्ष्मीबाई बोरन्हाणाच्या मदतीला निघालीच होती, मीही तिच्यामागं गेलो.

घरात नुसती धांदल. परातीत बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या. आबासाहेबांची सून सुमन बाळाला काळं झबलं घालून हलव्याचा मुकुट मापून बघत होती. बाळ तो मुकुट चाटत होतं.

"या फौजदार, या! संध्याकाळी गच्चीवर यायचं बरं का. साऱ्या आळीला सांगितलंय."

"आबासाहेब, मास्तरांचा कागद गेला."

"गेला? अरारा." त्यांनी जीभ टाळूला लावली. "आवो, खामखा लोकांना भेवाडायलाय तो माणूस. किल्लारीकडचाच धक्का होता कालचा. दुसरं काय असणार?"

"रेडिओवर तर काहीच सांगितलं नाही."

"रेडिओवाल्याला आपली परभणी कुठं ठाऊक हाय?" ते मोठ्यानं हसले.

"गोदामात काम चाललं होतं ना? आठवडाभर ठोकाठोक ऐकू येत होती."

"फरशी बसवायलोत."

"बघू तरी."

"किल्ली मुनीमजवळ, आन् मुनीम सेलूला." ते बाळाकडं वळले, त्याचा गाल कुरवाळायला लागले. "माझा वाघ हाय हा. कुणाची नजर नको लागाया."

बाळाच्या उजव्या गालावर तीट होती. रोजच्यासारखी आजोबांच्याच हातची, पण आज चांगली रुपयाएवढी, पसरलेली.

लक्ष्मीबाईनं बाळाचा मुका घेतला आणि नाक मुरडलं. "अगं सुमन, लेकराला रॉकेलचा वास कसला येतोय? स्टोजवळ ठेवलं होतंस काय?"

"न्हाई बाई, स्टो तर पेटवलाच न्हाई आज." सुमन गोंधळली. मग तिला परातीतली बोरं कमी वाटली आणि विषय तिथंच राहिला. मीही त्या वासाकडं कानाडोळा केला. गाढव होतो.

४

दुपार कलल्यावर मी पुन्हा मास्तरांकडं गेलो. गच्चीवर चटया अंथरल्याचे आवाज डोक्यावर येत होते.

"कागद गेला, आता काय सिद्ध करणार मास्तर तुम्ही?"

"कागद गेला, साहेब. बिल्डिंग कुठं गेलीय?" त्यांनी चिमणी पेटवली. "मालगाडी यायची वेळ झाली. ती गेली की आपलं घर रोज थोडं डोलतं. मागल्या महिन्याचा कागद माझ्याजवळ हाय. आज पुन्हा उमटवू."

त्यांनी कोरा कागद धुरावर धरला. काजळी चढायला लागली आणि खोलीत वास भरला.

रॉकेलचा.

मी खुर्चीतून उठलोच. घरचं काजळ बायका एरंडाच्या तेलाच्या दिव्यावर धरतात, तुपात खलतात. त्याला रॉकेलचा वास कुठून येणार? मी काही बोलणार तेवढ्यात लांब शिट्टी झाली. मालगाडी आली. सुई हलायला लागली.

मास्तरांनी जुना कागद शेजारी धरला. जुन्यावर पांढऱ्या रेघेचे दात बारीक, एकमेकाला खेटून. आजचे दात रुंद, लांब लांब.

"ह्याचा अर्थ?"

मास्तरांनी दोन्ही कागद खाली ठेवले. "नवी विणलेली बाज आन् ढिली झालेली बाज, साहेब. दोन्हीवर बसून बघा. ढिली सावकाश हलती. आपली बिल्डिंग कालपासून ढिली झालीय. खालचा एखादा आधार गेलाय."

वरून पोरांचा गलका ऐकू आला. मग धप्प, धप्प, धप्प. उड्या सुरू झाल्या होत्या. सुई कागदावर वेड्यासारखी नाचायला लागली.

मी दाराकडं धावलो. गच्चीवर माझी बायकोही होती.

"साहेब, ओरडू नका!" मास्तर मागून म्हणाले. "'भूकंप' म्हणालात तर काल एक कडूबाई पडली, आज पन्नास लेकरं पडतील त्या जिन्यात."

मी उंबऱ्यातच थांबलो. खरं होतं ते. आणि मी नुसतं "खाली चला" म्हणालो असतो तर कुणी ऐकलं नसतं. घरचं कार्य, यजमान आबासाहेब. त्यांच्याच तोंडून ते निघायला हवं होतं.

५

गच्ची भरून गेली होती. मधोमध पाटावर बाळ, काळ्या झबल्यात, हलव्याचे दागिने घालून. बायका त्याच्या डोक्यावरून बोरं आणि गोळ्या ओतत होत्या, आणि चहूबाजूंनी पोरं त्यावर झेपावत होती. लक्ष्मीबाई एका रडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन हसत होती. चेहरा मी फौजदाराचाच ठेवला.

आबासाहेबांचा दंड धरून मी त्यांना कठड्याशी नेलं.

"गोदामातला खांब काढलात ना?"

"कसला खांब?"

"कागद तुम्ही नेलात."

"फौजदार, तुमी रिटायर झालात. पाहुण्यासारखं या, बोरं खा." आवाज हळू होता, पण डोळे सगळीकडं फिरत होते.

"ऐका. सत्यशीला तो कागद कडांना धरून उतरवते. डब्यावर अख्खा पंजा उमटलाय, म्हणजे कागद कधी न हाताळलेला माणूस. नागनाथ? बांधलेला दोरा एका हातानं असा नीट सुटत नाही, आणि त्याचं प्लास्टर बघा, काजळीचा ठिपका नाही. राहिले तुम्ही."

"राहिलो म्हणून चोर झालो काय? पुरावा दाखवा!"

"पुरावा पाटावर बसलाय."

त्यांनी वळून बघितलं.

"सकाळी कागद घेऊन उतरलात. हात काळे. मोरीकडं निघालात, पण वाटेत नातू दिसला, नवं झबलं घातलेला. तुम्ही रोज त्याला तीट लावता. बोटाला काळं होतंच. लावलीत. हात मग धुतलेत, गाल कुणी धुतला नाही. जा, नाक लावा त्याच्या गालाला. मास्तरांच्या चिमणीचं रॉकेल आहे ते."

आबासाहेबांनी कठडा घट्ट धरला. "ट्रक आत वळत नव्हता," ते शेवटी पुटपुटले. "गवंडी म्हणाला, लोखंडी गर्डर टाकू, काही होत न्हाई. काल गर्डर जरा बसला, एवढंच. वरचे दोन फ्लॅट विकायचे हायेत माझे. लोकांत बोभाटा झाला तर कोण घेणार? उद्या पक्का टेकू लावणार होतो, बाळाची शपथ."

"बाळाची शपथ कशाला? बाळ तिथंच आहे. आत्ता त्याच्या भोवती साऱ्या आळीची लेकरं उड्या मारायलीत. उद्यापर्यंत थांबायचं का, तुम्ही सांगा."

जिन्याच्या तोंडाशी मास्तर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात नवा कागद होता. त्यांनी फक्त मान हलवली, नाही नाही अशी. त्याच वेळी पायाखाली काहीतरी कुरकुरलं. मला ऐकू आलं. आबासाहेबांनाही ऐकू आलं.

कुणाच्या तरी हातातली परात बाळावर रिकामी झाली आणि पोरांनी पुन्हा झेप घेतली. धप्प.

आबासाहेब धावले. सरळ पाटाकडं. वाटेतली पोरं बाजूला सारत त्यांनी नातवाला उचललं, छातीशी धरलं आणि जिन्याकडं निघाले. सुमन "मामंजी, काय झालं?" म्हणत उठली. बायका थबकल्या. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आपलं तेवढं लेकरू घेऊन जातो आणि बाकीची इथंच ठेवतो.

"आबासाहेब!" मी एवढंच म्हणालो.

ते जिन्याच्या तोंडाशी थांबले. एकदा नातवाकडं बघितलं, एकदा त्या पोरांकडं. सगळी तोंडं गोळ्यांनी भरलेली. मग त्यांनी घसा खाकरला आणि बाजारात पुकारा करावा तसा आवाज काढला.

"ए पोरांनो! खरी गंमत तर खाली अंगणात हाय! ह्या साऱ्या पराती खाली चालल्या. पण धावणाऱ्याला एक बी बोर न्हाई. वळीनं, एकमेकाचं बोट धरून या!"

पोरांना काय, बोरं जिकडं, पोरं तिकडं. लक्ष्मीबाईनं माझा चेहरा बघितला. चाळीस वर्षांचा संसार, तिला सांगावं लागलं नाही. तिनं शेंगांची परात उचलली आणि गाणं म्हणत पहिली पायरी उतरली. तिच्यामागं पोरांची रांग लागली. मास्तर वळणावर उभे राहून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत होते, "सावकाश बाळा, सावकाश." सत्यशीला सगळ्यात शेवटी उतरली. डालड्याचा डबा आणि सुई तिनं पदराखाली घेतली होती.

६

सगळे अंगणात आल्यावर आबासाहेबांनी बंडीच्या खिशातून गोदामाची किल्ली काढली. मुनीम सेलूला, आणि किल्ली खिशात.

शटर वर गेलं. पेंडीच्या पोत्यांमागं, जिथं मधला खांब असायला हवा, तिथं नुसता फुटका बुंधा होता. वर एक लोखंडी गर्डर, त्याला खालून सागवानी टेकू. टेकू मधोमध चिरत चालला होता. चिरेतून ताजं, पिवळं लाकूड दिसत होतं. नागनाथ दवाखान्यातून नुकताच आला होता. तो मास्तरांजवळ गेला, डाव्या हातानं त्यांचा हात धरला आणि तसाच उभा राहिला.

"बिल्डिंगीत आता कुणी पाय ठेवणार नाही," मी म्हणालो. "आणि आबासाहेब, तुम्ही माझ्याबरोबर चौकीत."

"चला," ते म्हणाले. हुज्जत नाही, काही नाही. "कागद माझ्या गादीखाली हाय. मास्तरला द्या. लय मळला असंल, पण द्या."

मास्तर म्हणाले, "मला नको आता तो. लेकरं उतरली, झालं."

निघताना आबासाहेब सुमनजवळ थांबले. बाळ तिच्या कडेवर होतं, मुठीत अर्धं बोर. आजोबांना बघून ते खिदळलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. दोन्ही हातांनी बाळाची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडावीत म्हणून त्यांनी हात पुढं केले.

सुमननं पदराचं टोक तोंडात ओलं केलं. बाळाच्या गालावरची तीट चोळून चोळून पुसली, काळं पुरतं निघेपर्यंत. मग आजोबांकडं न बघता तिनं लेकराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

आबासाहेबांचे हात तसेच राहिले.